अकरा ठिकाणी जुनी फाइल

१०.२० – इन्स्टॉल यशस्वी

धायरीच्या लॅबमध्ये पडद्यावर हेच आलं होतं. हिरवी खूण, खाली ‘यशस्वी’. आणि फाइल जुनीच.

“पॅकेज किती मशीनवर बनतं आपल्याकडे?” दत्तप्रसाद सरांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

“एका.”

“कोणाच्या?”

“माझ्या.”

“मग मी आणखी काय बोलू?”

नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, आम्ही सहा जण पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर लिहितो. नाव निदानिका. मालक दत्तप्रसाद सर. मी कल्याणी वाघमारे, सहा वर्षं एकच काम करते: बाकीच्यांनी लिहिलेल्या फाइली एका पॅकेजमध्ये बांधायच्या. लॅबवाल्यानं दोनदा क्लिक करायचं आणि सगळं त्याच्या विंडोजवर आपापल्या जागी जाऊन बसायचं. नीट बसलं तर माझी आठवण कुणाला येत नाही.

त्यातली एक फाइल मर्यादांची. कुठल्या तपासणीचा आकडा किती ते किती असला तर ठीक, एवढंच तिच्यात असतं. थायरॉइडचं नवं किट आलं, मर्यादा बदलल्या, आम्ही नवी फाइल पाठवली. धायरीत जुन्याच छापल्या गेल्या. तीन दिवस, चौदा रिपोर्ट. धडधाकट बायकांच्या नावापुढे लाल अक्षरात ‘जास्त’. एकीनं गोळी घेण्याआधी दुसरीकडे तपासून घेतलं, म्हणून कळलं.

१०.४५ – मसुदा, पाठवलेला नाही

प्रति: सर्व लॅब
विषय: मर्यादांच्या फाइलबाबत खुलासा

*…सदर चूक आमच्या कर्मचारी कल्याणी वाघमारे यांच्या हलगर्जीपणामुळे झाली असून त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे…*

सरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. वाचून होईपर्यंत थांबले, हे मान्य करायला हवं.

“धायरीच्या डॉक्टरांना लेखी नाव हवंय. चार वाजता पाठवतो. दुसरं नाव असेल तर त्याआधी आण.”

“आणि नसेल तर?”

“मसुदा चांगला झालाय.”

पुण्यात लॅबची सॉफ्टवेअरं करणाऱ्या कंपन्या अशा किती? पाच, सहा. त्रेचाळीस लॅबमध्ये हे नाव गेलं की त्या पाच-सहांमध्ये मला

(वाक्य मागे. आधी फाइल.)

११.०५ – पॅकेज उघडलं

धायरीला गेलेलं पॅकेज सोडवून पाहिलं. आत नवीच फाइल. अक्षरन् अक्षर नवी. माझ्या चाचणीच्या मशीनवर चालवलं: जुनी गेली, नवी बसली. पुन्हा चालवलं. तेच.

म्हणजे इथून नवी गेली आणि तिथे जुनी आहे. मध्ये कुणीतरी आहे.

सकाळपासून माझा पासवर्ड बंद. इथे बसून लॅबच्या मशीनमध्ये डोकावायची सोय आता फक्त तेजसकडे. तेजस माझ्या डाव्या हाताला बसतो, प्रोग्रॅम लिहितो आणि शहरातल्या लॅबमध्ये काही अडलं तर गाडीवरून जातो. राहायला धायरीत.

तेजसनं केलं.

(मागे. पुरावा नाही.)

११.४० – यादी

सगळ्या लॅबना फोन करून फाइलची तारीख बघायला लावली. त्रेचाळीसपैकी बत्तीस ठीक. अकरांकडे जुनी.

सातारा ठीक. बार्शी ठीक. लातूर, चिपळूण, सगळं बाहेरगाव ठीक. बिघडलेल्या अकराच्या अकरा पुण्यातल्या. वारजे दोन, धायरी एक, नारायण पेठेतलीच एक, आमच्या खिडकीतून जिची पाटी दिसते ती.

बाहेरगावी पहिलं इन्स्टॉलही आम्ही इथूनच करतो. पुण्यात माणूस जातो.

माणूस म्हणजे तेजस.

मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्यानं पडद्यावरची एक खिडकी बंद केली. घाईनं नाही. घाईनं बंद केली असती तर मला बरं वाटलं असतं.

१२.१५ – चहा

“काय बंद केलंस मघाशी?”

“तू बघत होतीस?”

“मी विचारतेय.”

“तुझ्या मशीनचा इतिहास होता,” तेजस म्हणाला. चहात बिस्कीट बुडवलं, वेळेत बाहेर काढलं. “सरांनी काढायला सांगितलाय. कधी आलीस, कुठली फाइल उघडलीस, सगळं.”

“मग?”

“मग काय? काही नाही त्यात. दोन महिन्यांत एकदा तिकिटांची साइट उघडलीयेस. नागपूर.”

“हे सरांना सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं नाही अजून.”

“तू स्वतःहून…”

“कल्याणी, स्वतःहून बोलणाऱ्याचंच नाव मसुद्यात जातं इथे.” त्यानं कप ठेवला. “आणि तू माझ्या व्हिजिटच्या तारखा कशाला काढल्यास? रजिस्टर उघडं ठेवून गेलीस टेबलावर.”

मी बशीतलं बिस्कीट उचललं.

“घे संशय. घे. पण नीट मोज. त्या अकरांपैकी चार लॅबमध्ये मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही.”

मी रजिस्टर पुन्हा पाहिलं. चार. खरं बोलत होता. किंवा रजिस्टर खोटं

(मागे. रजिस्टर मीच लिहिते.)

१.१० – धायरी, फोनवर

पॅकेज चालताना काय ठरवतं ते विंडोज सहसा सांगत नाही. नुसतं ‘यशस्वी’ म्हणतं. पण मुद्दाम हुकूम टाइप करून चालवलं तर प्रत्येक फाइलचं काय केलं ते लिहून ठेवतं, हजारो ओळींची नोंद. ती धायरीच्या मशीनवरचीच हवी होती. मला तिकडे डोकावता येत नव्हतं. तेजसच्या हातून काढायला माझं मन तयार होईना. लॅबमधल्या रंगरावांना फोन लावला. रक्त घ्यायचं काम करतात, कॉम्प्युटरही तेच बघतात.

“रंगराव, काळी खिडकी उघडली का?”

“उघडली. म्याडम, हितं पेशंट बसल्यात.”

“दोन मिनिटं. आता मी सांगते ते टाइप करा. आधी एक तिरकी रेघ.”

“कंच्या अंगाला झुकलेली?”

“उजव्या.”

“वरून का खालून?”

“…प्रश्नचिन्हाच्या बटणावर आहे ती.”

“मंग तसं सांगा की. झुकल्याली म्हणं.”

चौथ्या प्रयत्नात चाललं. ‘यशस्वी’ आलं. नोंदीची फाइल त्यांनी मेलवर धाडली, ती धाडायला आणखी वीस मिनिटं, मध्ये एका पोराचं रक्त.

१.५५ – ओळ क्रमांक ४,८१६

नोंद इंग्रजीत असते. या ओळीचा अर्थ असा: *जागेवर असलेल्या फाइलमध्ये कुणीतरी बदल केलेला आहे, तिच्यावर लिहिणार नाही.*

मी खुर्ची मागे सरकवली.

हा नियम मला ठाऊक होता. सहा वर्षांपूर्वी वाचला होता आणि कधी उपयोगी पडला नव्हता. साध्या मजकुराच्या फाइलला आवृत्तीचा क्रमांक नसतो. मग विंडोज तारखा बघतं. बसवल्यानंतर माणसानं ती उघडून सेव्ह केली असेल, तर तो माणसाचा मजकूर समजून पॅकेज तिला हात लावत नाही. मुकाट पुढे जातं आणि शेवटी ‘यशस्वी’ म्हणतं. माझ्या चाचणीच्या मशीनवर ती फाइल कुणीच कधी उघडलेली नव्हती.

म्हणजे जुनी फाइल कुणी परत घातलीच नव्हती. कुणीतरी तिला एकदा स्पर्श केला होता. अकरा ठिकाणी.

कोणी?

पुन्हा फोन.

“रंगराव, ती मर्यादांची फाइल उघडा. बदलू नका, नुसती बघा. पहिली ओळ वाचा.”

“श्री.”

“काय?”

“श्री लिवलंय. दोन्ही बाजूंनी दोन-दोन उभ्या रेघा. मंग खाली आकडे.”

“हे कोणी लिहिलं?”

“कोन म्हंजे? तुमच्या सायबांनी. स्वता. हितं चालू केलं त्या दिशी. दसऱ्याला. पेढं आनलं हुतं, कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, आन् म्हनले, पयली अक्षरं आपल्या हातची असावीत.” मग, “तुमी नव्हता. तुमी आल्या न्हाईत कधी.”

मी कधीच नसते. दसऱ्याला मी बाबांबरोबर नागपूरला असते, दीक्षाभूमीवर. सहाही वर्षं. आणि पुण्यातली नवी लॅब सर दसऱ्याच्याच मुहूर्तावर सुरू करतात, हेही सहा वर्षं ऐकून होते. मुहूर्तावर नेमकं काय करतात, हे मी विचारलं नाही. मला कुणी सांगितलं नाही.

प्रोग्रॅमला ‘श्री’ कळत नाही, तो न कळलेली ओळ सोडून पुढचे आकडे वाचतो. म्हणून कुठे काही बिघडलं नाही. मर्यादा सहा वर्षांत बदलल्याही नव्हत्या. बदलल्या, तेव्हा बिघडलं.

आणखी नऊ लॅबना फोन केले. पहिली ओळ वाचा. श्री. पहिली ओळ वाचा. श्री.

अकरावी लॅब समोरचीच. तिथे स्वतः गेले, जिना उतरून, चढून. श्री.

२.५० – हे वाक्य कसं बोलायचं

सर, तुमच्या श्रीमुळे

(मागे.)

सर, तुम्ही दसऱ्याला जे

(मागे.)

सर, फाइलमध्ये एक अनावश्यक ओळ

(मागे. अनावश्यक म्हणाले तर मेलेच.)

हेच वाक्य तेजस म्हणाला असता तर ती तांत्रिक माहिती ठरली असती. मी म्हटलं की तिला आडनाव लागणार. उद्या चहाच्या वेळी कुणीतरी म्हणेल, हिला बरोबर तेवढंच सापडलं. मोठ्यानं म्हणणार नाही. इथे मोठ्यानं कुणी काही म्हणत नाही.

“तू सांगतोस का सरांना?” मी तेजसला विचारलं. नोंद त्याच्यापुढे ठेवली.

त्यानं ओळ वाचली. मग मी लिहून घेतलेली अकरा लॅबची नावं, प्रत्येकीपुढे ‘श्री’, वाचली. बराच वेळ वाचली.

“मी सांगितलं तर शोधलं मी, असं होईल,” तो म्हणाला. “चालेल तुला?”

मला चाललं नसतं. हे त्याला माझ्याआधी कळलं, याचा राग आला.

३.३५ – केबिन

सरांनी कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“म्हणजे माझ्या श्रीमुळे.”

“श्रीमुळे नाही, सर. सेव्ह केल्यामुळे. तुम्ही नुसतं एक टिंब दिलं असतं तरी हेच झालं असतं.”

“टिंब कोण देतं मुहूर्ताला?”

मी कागदावर त्या ४,८१६ क्रमांकाच्या ओळीवर बोट ठेवलं.

“आणि हे मला तू सांगणार.”

“नोंदीत लिहिलंय. मी छापून आणलं.”

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावायच्या जागेवरून भांडत होतं. सरांनी ते संपेपर्यंत ऐकलं.

“उपाय?”

“त्या अकरा ठिकाणी जुनी फाइल हातानं काढायची आणि पॅकेज पुन्हा चालवायचं. आज संध्याकाळपर्यंत होईल. पुढच्या पॅकेजमध्ये मी ही फाइल बदललेली असली तरी नवीच बसेल असं करते. माझीही चूक आहे. हे मी सहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.”

“आणि श्री?”

“त्याला वेगळी फाइल देते. तिला कुठलंच पॅकेज हात लावणार नाही.”

सर पडद्याकडे वळले. मसुदा उघडला. दोन बोटांनी टाइप करतात ते. माझं नाव एकेक अक्षर मागून खोडलं गेलं: रे, मा, घ, वा. त्या जागी त्यांनी लिहिलं: *तांत्रिक कारणामुळे*.

“झालं?”

“नाही, सर.”

“आता काय राहिलं?”

“डॉक्टरांना नाव हवंय. सकाळी तुम्हीच म्हणालात. माझं नाव होतं तेव्हा कारण तांत्रिक नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षांत असं पाहिलं नव्हतं. कोण आहे हे नव्यानं बघावं तसं.

“अकरा लॅबच्या लोकांनी आज ती ओळ वाचलीय,” मी म्हणाले. “त्यांना माहीत आहे कोणी लिहिली. तांत्रिक वाचून हसतील.”

तीन वाजून बावन्न. सरांनी ‘तांत्रिक कारणामुळे’ खोडलं. लिहिलं: *मी स्वतः फाइलमध्ये केलेल्या बदलामुळे. – दत्तप्रसाद आगाशे.* मग शेवटची, कामावरून कमी करण्याची ओळ खोडली.

“जा आता. पासवर्ड तेजसकडून सुरू करून घे.”

“मेल गेला की जाते.”

“विश्वास नाही?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यांनी ‘पाठवा’ दाबलं. मी टेबलाला वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले, पाठवलेल्या मेलांचा कप्पा त्यांना उघडायला लावला आणि त्रेचाळीस पत्ते मोजून घेतले.