योगेंद्रचा हॉर्न

बैल विकला तरी दावं घरीच ठेवायचं, म्हणजे तो दार विसरत नाही, ही तापीकाठची रीत शेंबडं पोरही सांगेल. बहादरपूरच्या लीलाधरला मोटरसायकल देताना मात्र ती आठवली नाही. त्याचा तरणाताठा मुलगा योगेंद्र तापाने गेला. पोराची गाडी दारात बघवेना, म्हणून लीलाधरने ती बुऱ्हाणपूरच्या शोरूमला एक्स्चेंजमध्ये देऊन स्कूटर आणली. शोरूमवाल्यांनी चहा पाजला, गळ्यात हार घातला, फोटो काढला. किल्लीच्या गोफासकट गाडी गेली.

"दावं तरी ठेवाचं होतं," मालूबाई नवऱ्याला म्हणाली. "आता तो कोनत्या दारी यीन?"

लीलाधर स्कूटर पुसायला लागला.

पावसाळा सरला आणि एका दिवेलागणीला दारासमोर हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब. आई, फाटक उघड, असं सांगायची योगेंद्रची हीच तऱ्हा. मालूबाई पिठाच्या हातांनी धावली. गाडी तीच होती, वर भलताच मुलगा बसलेला.

"मावशी, माफ करा. मी दाबलाच नाही."

हा नेपानगरचा प्रवीण. केळीचे ट्रक भरून घ्यायला तो रोज गावात यायचा, आणि गाडी त्याने शोरूममधून जुनी म्हणून घेतली होती. मग रोज तेच होऊ लागलं. साऱ्या वाटेत हॉर्न गप्प, मालूबाईच्या फाटकाशी आला की बोंब. मालूबाईने त्याला सगळं सांगितलं. ती बिचारी दिवसभर त्या आवाजासाठीच जगत होती आणि रोज एक भाकरी जास्त थापत होती.

ऐकून प्रवीणची पाचावर धारण बसली. त्याने शोरूमला चकरा सुरू केल्या. तिथला मिस्त्री भाईदास गाडी उलटीपालटी करून म्हणे, "भाऊ, यहाँ तो एकदम ओके है." मिस्त्रीसमोर सगळ्याच गाड्या शहाण्या होतात, हे कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारा. शेवटी प्रवीण मालूबाईला म्हणाला, "उद्या हॉर्नच बदलतो, मावशी. आता सहन होत नाही."

मालूबाईच्या पायाखालची वाळू सरकली. सकाळच्या बसने तिने शोरूम गाठलं. काउंटरवरच्या मुलीने खुर्ची दिली, पाणी दिलं, गाडी कुणाच्या नावावर आहे ते विचारलं. मालूबाईने योगेंद्रचं नाव सांगितलं.

"वो खुद नहीं आए?" मुलगी हसून म्हणाली.

मालूबाईने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. मग तशीच उठून मागच्या वर्कशॉपमध्ये गेली. उशीर झाला होता. भाईदासच्या हातात काढलेला हॉर्न होता आणि तुटक्या वायरी लोंबत होत्या. प्रवीण बाजूला खाली मान घालून उभा होता.

मालूबाईने पदर पसरला. "हा मले दे, बाबा. एवढं दावं तरी घरी राहू दे."

प्रवीणने हॉर्न तिच्या पदरात घातला.

तिने तो घरात, बैलांची दावी टांगायच्या खुंटीला अडकवला. दिवेलागणीला प्रवीणची गाडी दारावरून मुकाट निघून गेली. मालूबाई चुलीपुढे बसून हमसून हमसून रडली. संपलं होतं सगळं. जास्तीची भाकरी थापायलाही तिचा हात उठेना.

तेवढ्यात खुंटीवरून आवाज आला. दोन आखूड, एक लांब.

लीलाधर धडपडत फाटक उघडायला उठला.

"बसा," मालूबाई म्हणाली. "बाहेर कोनी नाही. आत आला तो."

तिने डोळे पुसले, परातीत आणखी पीठ घेतलं. लीलाधर बाजूला सरकला आणि आपल्याशेजारी एका पाटाची जागा केली.