पियानोच्या पाठीला ठोकलेली

मी एक रजई आहे, आणि गेली सतरा वर्षं मी कुणाच्याही अंगावर पडलेली नाही. चौदा खिळ्यांनी मला एका पियानोच्या पाठीला ठोकलंय. समोर ओल धरलेली भिंत, मागं पियानो. मधल्या फटीपलीकडचं दिसत काही नाही, पण ऐकू सगळं येतं. बोलायला लागलेच आहे, तर पहिल्यापासून सांगते.

यांगत्सी नदीकाठच्या शाशी शहराजवळ एका खेड्यात माझा जन्म झाला. फांगचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईनं पिंजाऱ्याला घरी बोलावलं. त्यानं दोन दिवस अंगणात बसून चार किलो कापूस पिंजला. वर लाल साटीन चढलं, त्यावर बदकांची जोडी भरली गेली. मी मोठ्या थाटात फांगबरोबर शाशीतल्या तिच्या सासरी आले. तिचा नवरा गान ताफू नदीवरच्या मालबोटीत इंजिन सांभाळायचा. पंधरा दिवस पाण्यावर, चार दिवस घरी. त्यांची श्याओहे माझ्याच उबेत वाढली. झोपेत पाय झाडायची सवय होती तिला.

श्याओहे पाच वर्षांची असताना बालवाडीच्या बाईंनी फांगला थांबवून सांगितलं, "हिला एकदा ऐकलेलं गाणं दुसऱ्यांदा ऐकावं लागत नाही." तेवढ्या एका वाक्यानं घर बदललं. वर्षभरात एक जुना पियानो आला. सहा माणसांनी तो चौथ्या मजल्यावर चढवला. सूर लावणाऱ्या माणसानं बजावलं, "भिंत ओली आहे. पियानो चिकटवून ठेवू नका." म्हणून मागं दीड वितीची फट ठेवली.

आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या पू मावशी वर आल्या. सूतगिरणीत तीस वर्षं काढलेली बाई, आवाज खणखणीत.

"फांग, माझा म्हातारा अंथरुणाला खिळलाय. तुझी पोर दिवसभर डोक्यावर घण घालते. त्यानं मरावं तरी शांतपणे की नाही?"

संध्याकाळी फांगनं मला पलंगावरून ओढलं आणि ताफूच्या हातात हातोडी दिली.

"अगं, लग्नाची रजई आहे ही," तो म्हणाला.

"मग? पोरगी लग्नातूनच आली ना? ठोका."

त्या दिवसापासून माझं काम बदललं. सूर खाली जाऊ द्यायचे नाहीत, गिळायचे. पोरीनं एक बोट टेकलं तरी माझ्या कापसात थरथर उठायची.

ती नऊ वर्षांची झाल्यावर फांगनं वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. दुपारी शाळा सुटली की दोन ते सहा सराव. फांगची नोकरी थर्मासच्या कारखान्यात, मालाच्या नोंदी ठेवायची. ती जेवणाच्या सुट्टीत येऊन पोरीला जेवू घालायची, जाताना बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप लावायची. आणि फोनचा रिसीव्हर पियानोवर उघडा ठेवायची. तिकडे कारखान्यातल्या टेबलावर तिचा फोन कानाशी. वाजवणं थांबलं की रिसीव्हरमधून आवाज यायचा, "श्याओहे, पाणी प्यायला इतका वेळ लागतो?"

फांग दुष्ट नव्हती. सकाळी कमळकाकडीच्या रश्श्यातली सगळी हाडं पोरीच्या वाडग्यात पडायची, स्वतः नुसता रस्सा प्यायची. तिला एकच ठाऊक होतं. आपण थर्मास मोजत म्हातारे होणार, पोरीनं नाही.

श्याओहे वाजवायची तेव्हा चौथा मजला विसरायची. ते मला कळायचं. पण कधीकधी, फांग कारखान्यात साहेबाकडे गेलेली असेल तेव्हा, पोर हळूच उठून त्या फटीत सरकायची. तिथं ती माझ्याकडे पाठ टेकून बसायची, सूर्यफुलाच्या बिया खायची, टरफलं माझ्या शिवणीत खोचायची. एकदा ती तिथं बसून रडली. माझ्या अंगाला डोळे पुसले. मी कित्येक वर्षांत कुणाच्या इतक्या जवळ नव्हते.

अकराव्या वर्षी ती प्रांताच्या स्पर्धेत पहिली आली. मग शांघायच्या संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा ठरली. वेळापत्रकात सकाळचेही दोन तास वाढले. तिचे गुरू चिउ सर तिचं वाजवणं कॅसेटवर भरून घ्यायचे आणि चुका ऐकायला घरी द्यायचे.

परीक्षेला सोळा दिवस उरले होते. दुपारी फांगनं कुलूप लावलं, तिची पावलं जिन्यावरून उतरली. मग पियानोवर काहीतरी ठेवल्याचा खट् आवाज झाला आणि वाजवणं सुरू झालं. तोच तुकडा, तीच लय. पण माझ्या कापसात काही उठेना. लाकूड गप्प होतं. तेवढ्यात श्याओहे उजवा हात छातीशी धरून फटीत आली आणि माझ्या कडेला डोकं टेकून बसली. रिसीव्हरला कॅसेट ऐकू येत होती.

त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तेच झालं. मला सगळं माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं.

चौथ्या दिवशी जाळीच्या दारावर थाप पडली.

"पोरी, मी पू मावशी. इकडे ये."

श्याओहे गेली नाही.

"तुझ्या आईला ऐकू जाईल म्हणून हळू बोलतेय. हात दुखतोय ना? सूतगिरणीत आमचेही जायचे. जाळीतून दाखव."

ती उठली. जाळीपर्यंत तिची पावलं गेली. मग मावशी म्हणाल्या, "अगं बाई," आणि खाली निघून गेल्या.

संध्याकाळी फांगनं कुलूप काढलं तेव्हा त्या तिच्या मागोमागच होत्या.

"फांग, तुझी पोर चार दिवस वाजवत नाहीये."

"मी रोज ऐकते, मावशी. फोनवर."

"तू कानानं ऐकतेस. मी छतानं ऐकते. वाजवताना तिचा पाय खालच्या पेडलवर आपटतो, तो पाच वर्षं माझ्या डोक्यात आपटतोय. चार दिवस आपटला नाही. सूर येतात आणि पाय येत नाही, असं कसं गं?"

मावशी गेल्या. फांगनं टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. थोडंसं ऐकलं आणि बंद केलं.

"हात दाखव."

मग दिव्याचं बटण वाजलं.

"परीक्षा तेरा दिवसांवर आहे," फांग म्हणाली. आवाज तिचा, पण त्यात जोर नव्हता. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, सगळ्यांचाच दुखतो."

स्टुलाचा पाय कुरकुरला. फांग बसली असावी. त्या घरात तिला वाजवायच्या जागी बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

डॉक्टरनं मनगटाला पट्टी बांधून दोन महिने पियानोला शिवायचं नाही, असं सांगितलं. परीक्षा हुकली. चिउ सर आठवडाभर आले नाहीत. आणि फांगनं कुलूप लावणं बंद केलं.

पण सांगते, दार उघडं असूनही पोर बाहेर गेली नाही. दोन वाजले की स्टुलावर येऊन बसायची आणि सहा वाजेपर्यंत बसून राहायची. शेवटी पू मावशीच वर आल्या. "डावा हात धड आहे ना? मग खाली चल, वाटाणे सोलायचेत. म्हाताऱ्याला बोलायला कुणी नाही." ती गेली. खालून मला तिचं हसणं ऐकू आलं. माझ्या अंगातून जाताना ते जरा दबलं, तेवढंच.

पुढच्या वर्षी तिनं परीक्षा दिली आणि शांघायला गेली. त्यानंतरचं मला इतरांच्या तोंडून कळलं. एकोणिसाव्या वर्षी परदेशातल्या स्पर्धेत दुसरी, विसाव्या वर्षी पहिली. वर्तमानपत्रवाले आले, पियानोचा समोरून फोटो काढून गेले. "याच पियानोवर!" असं एकजण म्हणाला. मागं कुणी वाकून पाहिलं नाही. पू मावशींचे यजमान गेले. मावशींनी फांगला सांगितलं, "आता काढ ती रजई. पोर येईल तेव्हा मला नीट ऐकू दे." फांग म्हणाली, "काढू." राहूनच गेलं.

या नववर्षाला श्याओहे तीन दिवस आली. फांगनं शेजारपाजाऱ्यांना तिचं वाजवणं ऐकायला बोलावलं होतं. पोरीनं पियानोचं झाकण उघडलं नाही.

"आई, शरद ऋतूपर्यंतचे सगळे कार्यक्रम मी रद्द केले. मनगट परत धरलंय."

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला. वाटलं, आता फांग किती कार्यक्रम, कुठले, असं विचारणार.

"डॉक्टर काय म्हणाले?" फांगनं विचारलं.

"विश्रांती. किती दिवस, ते सांगत नाहीत. कदाचित पहिल्यासारखं होणारही नाही, म्हणाले."

"बरं," फांग म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "शेजाऱ्यांना मी सांगते. तू झोप."

श्याओहे आतल्या खोलीत दुकानातून आणलेल्या हलक्या रजईत झोपली. मला हेवा वाटला, लपवत नाही. परवा ती परत गेली.

आता माझे खिळे गंजलेत, कापूस गोळा होऊन खाली बसलाय. फांग रोज पियानो पुढून पुसते. मला सोडवा, असा हट्ट मी करणार नाही. पण तुमच्या घरात कुणी पोर बंद दारामागं बसून रोज वाजवत, लिहीत, घोकत असेल, तर एवढं करा. आवाज थांबायची वाट बघू नका. आवाज चालू असतानाच दार उघडून आत जा आणि तिचे हात बघा.