मालनच्या नावापुढची फुली

बावीस वर्षं मी शेलारांची वंशावळ लिहीत होतो. कोण जन्मलं, कोण गेलं, ते विचारायला गावोगाव पोस्टकार्डं टाकायची आणि उत्तराची वाट बघायची. आता अंगात त्राण राहिलं नाही. म्हणून अठ्ठ्याण्णव साली वहीच्या झेरॉक्स अमेरिकेतल्या पुतण्याला, सुधीरला, पाठवून दिल्या. वर्षभरात त्याने वंशावळीची वेबसाइट केली.

ती बघायचा हट्ट माझ्या बायकोचा, रंगूबाईचा. तिला एकच नाव बघायचं होतं. आमची मालन शहाऐंशी साली विठ्ठलवाडीच्या एका सिंधी रेडिओवाल्याशी लग्न करून गेली. मी तिच्या नावाने आंघोळ केली आणि वहीत नावापुढे फुली मारून ‘मयत’ लिहिलं. झेरॉक्स काढायच्या आधी रंगूबाई म्हणाली होती, तेवढी फुली खोडा. खोडली, असं मी सांगितलं. खोडली नव्हती. राग केव्हाच विझला होता, पण आपली चूक आपल्या हाताने खोडायचाही मला कंटाळा आला होता.

टेंभी नाक्यावर काळुरामचं सायबर कॅफे आहे. माणूस मूळचा कोलशेतचा, आवाज खणखणीत. आम्ही तिथे जाऊन बसलो. कॉम्प्युटरवर वेबसाइटचं पान वरून खाली इंचाइंचाने उतरत होतं.

“राहू दे, डोळे दुखतात,” मी म्हटलं.

रंगूबाई हलली नाही. मजकूर इंग्रजीत होता, म्हणून काळुराम मराठी करून मोठ्याने सांगू लागला.

“गोमाजी शेलार. त्यांचे मारुती, म्हंजे तुमीच की बाबा! बायको रंगूबाई. मुलगी मालन.”

रंगूबाई हसली.

“मयत, शहाऐंशी,” काळुरामचा आवाज उतरला. “आई गं. काय झालेलं पोरीला?”

“काही नाही झालं. परवाच येऊन गेली,” रंगूबाई म्हणाली. “हे वाचनालयात गेलेले तेव्हा.”

हे मला ठाऊक नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. काळुरामला म्हटलं, “अरे, खोड ते आधी.”

“हितून नाय खोडता येत, बाबा. खाली लिवलंय ना. माहिती देणार मारुती शेलार, ठाणे. चूक असली तर त्यांनाच कळवा.”

रंगूबाईने पदर सावरला. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, पण उखाणा सोडला तर माझं नाव तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं.

“मारुती शेलार,” ती म्हणाली, “माझी मालन जिवंत आहे. लिहून घ्या.”