रुख्माच्या जिभेवरचा भाकस

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. भाकस. समुद्राच्या तळाशी वाळूत पसरून राहणारा एक चपटा मासा असतो, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला. त्याला कोकणातले कोळी भाकस म्हणतात. "आज भाकस गावला गो!" असं कुणी ओरडलं की मला केवढा आनंद व्हायचा!

रुख्मा तिकडचीच. वडील रेल्वेच्या नोकरीनं गोंदियाला आले आणि तिचं लग्न सडक अर्जुनीजवळच्या बकारामशी झालं. तोही धीवर, तलावात मासे धरणारा. नव्या नवरीनं कौतुकानं माझी गोष्ट काढली, तर बकाराम पोट धरून हसला. "एकाच बाजूले दोन डोळे? काही बी सांगते!" सगळं घर हसलं. रुख्मानं मला गिळलं ते कायमचं.

मासा आणून दाखवावा, तर समुद्राचा मासा इथवर येणार तो बर्फातच. या घरात फडफडती मासोळीच शिजते. बर्फातली मासोळी घरात आणायची म्हणजे धीवराला लाज.

यंदा, म्हातारपणी, रुख्माला लकवा झाला. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, जुन्या गोष्टी काढा, बोलतं करा. बकारामनं सगळं करून पाहिलं. शेवटी त्याला तिचा तो मासा आठवला, पण नाव काही केल्या आठवेना. मेल्या, तेव्हा हसताना कान कुठे होते तुझे!

काल गोंदियाच्या बाजारात मासेवाल्या मुन्नालालच्या बर्फाच्या पेटीत त्याला तो मासा सापडला. त्यानं नाव विचारलं.

"नाम क्या मालूम काका, सब चपटी बोलते हैं."

म्हाताऱ्यानं बर्फातला तो मासा घरात आणला आणि ताटात घालून रुख्मापुढे धरला.

"खरंच सांगत होती वो तू. का नाव म्हणत होतीस याले? सांग ना, रुख्मा!"

तिचे डोळे भरून आले. ओठ हलले. मी जिभेच्या टोकाशी धावलो, जीव खाऊन धडका दिल्या. जीभ उचलेना. नुसता श्वास बाहेर आला. तो पुन्हा विचारतो, ती पुन्हा ओठ हलवते. अजून तेच चाललं आहे आणि मी आत गुदमरतो आहे.

मित्रांनो, घरात कुणी परक्या गावचा शब्द बोललं तर हसू नका रे, लगेच म्हणून बघा. आणि मी आता तुम्हाला माहीत झालो आहे. कुणीतरी धावत जा, बकारामच्या कानात मला सांगा. तिला बोलता येत नाही, पण ऐकू येतं!