पाडसाचं नाव

विल्मा ऑस्टगार्डला बेचाळिसावं लागलं होतं आणि गेले चार हिवाळे ती आठ वर्षांची होती. नोव्हेंबर संपत आला की रविवार सोडून रोज दुपारी ती शिकागोच्या त्या रेडिओ केंद्राचे सहा मजले चढायची, मायक्रोफोनपुढे उभी राहायची, हनुवटी जरा वर करायची, आणि तिच्या तोंडून टॉबी बोलायला लागायचा. टॉबी म्हणजे विहिरीच्या बादलीत बसून खाली हिवाळ्याच्या मुलुखात उतरलेला पोरगा. त्याच्या गावात यंदा बर्फच पडलेलं नाही. हिवाळ्याचा म्हातारा द्वारपाल झोपलाय, त्याला नाताळच्या आत उठवायचं. सोबतीला एक खडूस हंसीण आणि एक लंगडं रेनडिअरचं पाडस. अर्ध्या देशातली पोरं हे ऐकताना जेवायचं विसरत.

आठ वर्षांच्या मुलाचं काम बाईनं का करायचं, असं कुणी विचारील. खऱ्या पोरांना घेऊन बघा म्हणजे कळेल. ऐन वेळी त्यांना शू लागते, कागद उलटताना ती खडखडाट करतात, आणि इतकं करून एका उन्हाळ्यात आवाज फुटला की सगळंच मुसळ केरात. म्हणून विल्मा. पण ही गोष्ट बाहेर जाता कामा नये, असं करारात लिहिलं होतं. ज्या कोको कंपनीच्या पैशावर कार्यक्रम चालायचा, तिच्या डब्यावर टॉबीचं चित्र होतं: नाकावर ठिपके, पुढचा एक दात पडलेला, असा कुणाचा तरी गोंडस मुलगा. पोरांच्या लेखी तोच टॉबी. विल्मानं तोंड उघडायचं ते फक्त मायक्रोफोनपुढे.

तिनं उघडलंही नव्हतं. उघडलं ते तिच्या मुलानं.

अर्लो नऊ वर्षांचा. छातीच्या विकारानं दोन वर्षं तो तिकडे कोलोरॅडोच्या डोंगरात, क्षयाच्या दवाखान्यात पडून होता. त्याच्या वॉर्डात चौदा खाटा आणि एक रेडिओ. रोज कार्यक्रम लागला की आपल्या आईचा आवाज ऐकायचा आणि गप्प बसायचं, हे नऊ वर्षांच्या पोराला किती दिवस जमणार? मोठ्यांच्या पोटात राहत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याचं पत्र आलं.

‘आई, रागावू नकोस. मी लेस्टरला सांगितलं की टॉबी म्हणजे तू. तो म्हणाला, मग माझी आजी म्हणजे कोकोचा डबा. आता सगळे मला थापाड्या म्हणतात. जेवायची ताटं आली की म्हणतात, थापाड्याला दुप्पट वाढा, टॉबी त्याच्या पोटात आहे. सिस्टरपण हसली. आई, शेवटच्या दिवशी पाडसाचं नाव ठेवणार असं रेडिओवर सांगितलंय ना, तेव्हा तू झेबुलन म्हण. आपल्या गल्लीतल्या दूधवाल्याचा घोडा. हे नाव कुणाला सुचणारच नाही. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय की टॉबी झेबुलन म्हणणार. तू म्हणशील ना? नाही म्हणालीस तर मला इथं राहता येणार नाही, आणि मला तर इथंच राहायचंय.’

शेवटचं वाक्य विल्मानं स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा वाचलं. मग तिनं दोनच ओळी पाठवल्या. ‘म्हणेन. आईचं वचन.’

आता हे म्हणायचं कसं? छापील कागदात पाडसाचं नाव ‘स्नोबेल’ होतं, आणि कागदाबाहेरचा शब्द म्हणजे नोकरीवर पाणी. पण विल्मा कच्च्या गुरूची चेली नव्हती. कार्यक्रम रोज दोनदा व्हायचा. पहिला प्रयोग सव्वाचारला, पूर्वेकडच्या शहरांसाठी. तो झाला की मंडळी सँडविच खाऊन, पाय मोकळे करून परत यायची, आणि सव्वासातला तेच सगळं पहिल्यापासून पुन्हा, पश्चिमेकडच्या लोकांसाठी. कारण तिकडे तेव्हा कुठे संध्याकाळ होत असे. पहिल्या प्रयोगाला कंपनीची साहेब मंडळी काचेमागे रांगेनं बसलेली असत. दुसऱ्याला कुणी नसे. दुसरा प्रयोग म्हणजे घरचं कार्य. सगळ्या खोड्या दुसऱ्या प्रयोगात चालायच्या. एकदा तर हंसिणीचं काम करणाऱ्या बाईनं आपल्या खऱ्या नवऱ्याचं नाव घेऊन शिव्या घातल्या होत्या आणि कुणाच्या कानाला कळलं नव्हतं. आणि कोलोरॅडोत लागायचा तो हाच दुसरा प्रयोग.

नाताळच्या आदल्या दुपारी तिनं हे फक्त ओटिसला सांगितलं. ओटिस लुंड आवाजांचा माणूस. बर्फातली पावलं, दारांची करकर, वारा, सगळं त्याच्या टेबलावर. मक्याच्या पिठाची कातडी पिशवी मुठीत दाबली की टॉबी बर्फात चालू लागे.

“पहिल्यातच म्हणून मोकळी हो ना,” ओटिस पिशवी मळत म्हणाला. “बायकांना सगळं शेवटपर्यंत साठवायची खोडच असते.”

“पहिला कोलोरॅडोत ऐकू तरी येतो का, शहाण्या? उगाच काचेसमोर स्वतःची मान कशाला देऊ? आज तर कंपनीचं अख्खं वऱ्हाड बसलंय.”

“तेही खरंच. मग दुसऱ्या वेळी तू झेबुलन म्हणालीस की मी लगेच टापा वाजवतो. पोरांना वाटेल तो आलाच.”

विल्मा हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच हसली असेल.

पहिला प्रयोग सुरेख झाला. द्वारपाल उठला, गावावर बर्फ पडलं, ऑर्गनवाल्यानं डोळे मिटून वाजवलं. हंसिणीनं विचारलं, “काय रे कार्ट्या, या लंगड्याला नाव काय द्यायचं?” आणि विल्मा टॉबीच्या आवाजात, कागदावरचं एक अक्षरही न बदलता म्हणाली, “स्नोबेल!” काचेमागे एका साहेबानं रुमालानं डोळे टिपले. विल्माच्या मनात आलं, टिप बाबा, तुझ्यासाठी स्नोबेल, माझ्या लेकरासाठी झेबुलन.

लाल दिवा विझला तसा ब्रॅडिश आत आला. ब्रॅडिश म्हणजे कार्यक्रमाचा दिग्दर्शक; एरवी लिंबासारखा आंबट, आज डोक्यावर कागदी टोपी.

“मंडळी, बसा, बसा. तुम्हाला नाताळची भेट आहे. आजचा प्रयोग आम्ही तबकडीवर उतरवून घेतलाय. पश्चिमेला तीच लावायची. मुख्य कचेरीशी तीन आठवडे भांडून मिळवलंय हे मी! तेव्हा दुसरा प्रयोग रद्द. जा घरी, पोराबाळांत बसा!”

एकच जल्लोष झाला. हंसिणीनं ब्रॅडिशचा मुका घेतला. ऑर्गनवाला ओव्हरकोट घालायला लागलासुद्धा. विल्मा कागद हातात धरून तशीच उभी होती. ओटिसनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“साहेब,” ती ब्रॅडिशच्या मागे दारापर्यंत धावली, “मला परत करायचंय. दुसरा प्रयोग. मी थांबते.”

“काय?”

“तबकडीत मजा नसते हो. मुलांना जिवंत आवाज पाहिजे. मी एकटी करते, ओटिस थांबेल, ऑर्गन नसला तरी…”

“विल्मा, विल्मा,” ब्रॅडिशनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे खरोखर भरून आले होते, हे जास्तच वाईट. “तू म्हणजे अस्सल कलावंत बघ. पण आजच्या दिवशी तरी स्वतःचा विचार कर. घरी जा. तुलाही मुलगा आहे ना?”

खरं सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण खरं सांगायचं म्हणजे करार मोडला हे सांगायचं. मग पुढच्या हिवाळ्यात टॉबी दुसऱ्याच कुणा बाईच्या तोंडून बोलणार, दवाखान्याचे पैसे थांबणार आणि अर्लोची डोंगरातली खाट दुसऱ्या पोराला जाणार. अडला हरी! ती म्हणाली, “हो साहेब. तुम्हालाही नाताळच्या शुभेच्छा.”

मग ती मजल्यावरच्या टेलिफोनकडे पळाली. कार्यक्रम लागायच्या आत अर्लोला गाठायचं, आज नाव येणार नाही एवढं तरी सांगायचं. पण नाताळच्या आदल्या संध्याकाळी अख्ख्या अमेरिकेला आपापली आई आठवते. “लाइनी भरल्यात बाई, थांबावं लागेल,” एक्सचेंजची मुलगी दर वेळी म्हणायची, तेही गाणं म्हटल्यासारखं. पाच वाजले. सहा वाजले. ओटिसनं कॉफी आणून दिली, ती तशीच गार झाली. सफाईवाली बाई खुर्च्या उलट्या ठेवून गेली.

सव्वासातला मजल्यावरचा रेडिओचा कर्णा बोलायला लागला. विल्मानं आपलंच बोलणं पहिल्यापासून ऐकलं. आवाज स्वच्छ होता, कुठे खरखर नाही. हंसिणीनं विचारलं, “काय रे कार्ट्या, या लंगड्याला नाव काय द्यायचं?” विल्मा त्या कर्ण्याकडे बघून मोठ्यांदा म्हणाली, “झेबुलन!” कर्ण्यातला टॉबी त्याच क्षणी म्हणाला, “स्नोबेल!” ओटिसनं तिच्या दंडाला धरलं. तिनं त्याचा हात झटकून टाकला. कुणावर तरी राग काढायचा होता आणि समोर तो एकटाच होता.

लाइन मिळाली ती पावणेआठला.

“आज तुमच्या अर्लोनं आम्हाला काय हसवलंय!” सिस्टर तिकडून ओरडली. “थांबा, त्याची खाट ढकलत आणते टेबलापाशी.”

चाकं वाजली. कुणीतरी खोकलं. मग अर्लो.

“आई?”

“राजा, ऐक. आज दुसरा प्रयोग झालाच नाही. त्यांनी तबकडी लावली रे. मी म्हणणार होते, देवाशपथ म्हणणार होते…”

“हो. चालेल.” मोठ्या माणसासारखा सपाट आवाज. मग एकदम दबका. “आई, सगळे इथंच आलेत. मी सांगितलं त्यांना, मी थाप मारली होती. मुद्दाम. गंमत म्हणून.”

“कशाला सांगितलंस? दे, फोन त्या लेस्टरकडे दे. मी टॉबीच्या आवाजात बोलते, आत्ताच्या आत्ता. बघू कोण थापाड्या म्हणतो ते!”

“नको!” तो जवळजवळ किंचाळलाच. “तो आवाज इथं सगळ्यांना काढता येतो, आई. लेस्टरला तर डिट्टो येतो. ते म्हणतील थापाड्याची आईपण थापाडी.”

टॉबीचा आवाज घशाशी येऊन बसला होता, तो विल्मानं गिळला.

“मी त्यांना सांगितलंय तू बेकरीत असतेस,” अर्लो म्हणाला. “मी फोन त्यांच्याकडे करतो. तू जोरात बोल. आणि आई, तुझ्या आवाजात हं. प्लीज.”

फोन फिरला. तिकडे बऱ्याच पोरांचे श्वास ऐकू आले, त्यातले काही घरघरणारे. फुटू पाहणाऱ्या आवाजात एक मुलगा म्हणाला, “काकू, मी लेस्टर. तुम्ही कुठं असता कामाला?”

“बेकरीत असते रे बाळा,” विल्मा जाडसर, दमलेल्या आवाजात म्हणाली. “आज केवढी गर्दी! पहाटेपासून जिंजरब्रेड भाजतेय. हात पोळलेत नुसते.”

“आणि रेडिओत?”

“रेडिओत?” ती हसली. हसणंही तिला छान साधलं. “आमच्या अर्लोनं सांगितलं वाटतं. अरे, मला रेडिओ ऐकायला वेळ कुठला?”

तिकडे एकच हशा पिकला. त्या गलक्यात अर्लोचं हसू तिला वेगळं ओळखू आलं. सगळ्यांत मोठ्यांदा तोच हसत होता.

“बघा,” तो म्हणत होता, “सांगितलं नव्हतं मी?”

“हां,” लेस्टर म्हणाला, “आता कसं खरं बोललास! ये, तुझी खाट इकडे आमच्यात घे.”