फुटाच्या आतली मरळ

सिंधुबाईला एक खोड होती. मासा कापला की त्याच्या पोटात काय आहे ते पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. सांगवीच्या पुलाजवळ पत्र्याच्या शेडखाली ती मासे कापायला बसायची. नीरा नदीत गावच्या कुणालाही काही घावलं, की ते तिच्याच फळीवर यायचं. गिऱ्हाईक घाईत असायचं, पण बाई आतडं बोटानं चाचपून सांगणारच, "ह्यानं बेडूक खाल्लाय बघा, आज सकाळीच." बारामतीहून गाडीतून आलेली माणसं तोंड फिरवायची. त्यांना मासा हवा असे, त्याचं चरित्र नको असे.

गावात मरळीचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र तिला विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

नदीतली मरळ फार कमी झाली होती. म्हणून ग्रामसभेत ठरलं, की आपल्या शिवारापुरता नियम करायचा. एका माणसानं दिवसाला पाचच मरळी धरायच्या आणि ठराविक मापाच्या आतली सापडली तर सोडून द्यायची. पाचाला कुणी हरकत घेतली नाही, कारण दिवसात पाच मरळी कित्येक वर्षांत कुणाला मिळाल्याच नव्हत्या. घोडं अडलं ते मापावर. चाळीस वर्षं नदीत जाळं टाकणाऱ्या भीमाआबांनी हाताचा पंजा ताणून दाखवला. "वीतभर. त्याच्या आतली सोडायची. झालं."

"आबांचं बराबर हाय," अविराज लगेच म्हणाला. हा सिंधुबाईचा थोरला. फलटण रस्त्यावरच्या ढाब्यांना तो मरळ पुरवायचा आणि ढाबेवाल्यांना हवी असायची ती ताटात मावणारी, वीतीपेक्षा जराशीच लांब. त्याला आबांचं माप पटलं यात नवल नव्हतं.

पंचायतीनं सल्ल्याला बारामतीच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या दीप्ती मॅडमना बोलावलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "वीतभर मरळीनं एकदा तरी अंडी घातलेली असतात का? माप त्यावर ठरवा. नाहीतर पुढची पिढी येणार कुठून?"

सभेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षंवाल्या आबांनाही नाही. मागं बायकांत बसलेली सिंधुबाई मात्र स्वतःवरच चिडली. अंड्यांनी भरलेल्या हजारो गाभोळ्या या हातांनी काढल्या, पण कुठल्या लांबीच्या मरळीत गाभोळी सापडते हे आपण कधी पाहिलंच नाही! सभा संपल्यावर तिनं मॅडमना गाठलं. "मला एक म्हैना द्या. मी बघून सांगते."

दुसऱ्याच दिवशी शिंप्याकडची टेप तिनं फळीच्या कडेला खिळ्यांनी ठोकली. मरळ आली की आधी टेपवर, मग सुरीखाली. शेडच्या पत्र्यावर तिनं खडूनं इंचाइंचाचे रकाने पाडले. मादीत गाभोळी निघाली तर गोल. दोऱ्यासारख्या दोन रेषाच दिसल्या तर फुली. नराला काहीच नाही. त्याचं या कामात कौतुक नव्हतं. गिऱ्हाइकं हसायची. पण हळूहळू त्यांनाही चटक लागली. पिशवी हातात घेऊन लोक थांबायला लागले, "कापा की लवकर, गोल का फुली?" म्हणून.

महिना भरला तेव्हा पत्रा स्वच्छ बोलत होता. आठ, नऊ, दहा, अकरा, सगळ्या रकान्यांत फुल्याच फुल्या. बाराव्यात पहिला गोल. तेराच्या पुढं गोलच गोल. सिंधुबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. इतका आनंद तिला पोराला नोकरी लागती तरी झाला नसता. मग तिला आठवलं, की पोराला नोकरी नाही, तो मरळ विकतो, आणि त्याची निम्मीअधिक मरळ या फुल्यांतलीच आहे.

अविराजला ते तिच्याआधी कळलं होतं. "आये, पत्रा पुसून टाक."

"पत्रा पुसीन रं. मरळीच्या पोटातलं कसं पुसू?"

"माझा निम्मा माल जातोय. ढाबेवालं दुसऱ्याकडं वळत्याल."

"ठाव हाय मला," ती म्हणाली, आणि तिला खरोखरच ठाऊक होतं. दोन रात्री तिला धड झोप लागली नाही. पण ग्रामसभेत मॅडमनी विचारल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "एक फूट. त्याच्या आतली माझ्या फळीवर आनू नगा, मी कापनार न्हाय." माप ठरलं. अविराजनं तिच्याशी बोलणं टाकलं.

पाचव्या दिवशी भर सकाळी, शेडपुढं गर्दी असताना, तो बादली घेऊन आला. बादलीत जिती मरळ. त्यानं ती टेपवर दाबून धरली. साडेअकरा इंच. पोट मात्र टम्म फुगलेलं.

"हिच्यात गाभोळी हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्हंजी तुझं माप खोटं. काप, आन् दाव सगळ्यांना."

भीमाआबाही पुढं सरकले. गाभोळी निघाली असती, तर फुटाचं माप त्याच दिवशी मोडलं असतं आणि वीत परत आली असती. सिंधुबाईनं मरळीच्या पोटावर बोट दाबलं. गाभोळी? की सकाळचा बेडूक? बोटाला कळेना. जाणून घ्यायची अशी ओढ तिला लागली, की हातांनी आपोआप, मासा निसटू नये म्हणून राख घेतली, मरळ पक्की धरली आणि सुरी उचलली.

"काप की सिंधे," आबा म्हणाले. "कळंल तरी."

सुरी तशीच राहिली. "अविराज, गाभोळी निघाली तर मग?"

"मग तुझा नियम खोटा."

"आन् ती अंडी मग हिच्या पोटात परत घालता येतील व्हय?"

अविराजची नजर सुरीवरून मरळीच्या पोटावर गेली.

"असली तर घालू दे तिला. नसली तर वाढू दे. दोनी बाजूनं हिनं पान्यातच जायाचं." सुरी खाली ठेवून तिनं मरळ बादलीत सोडली आणि बादली उचलून ती घाटाकडं निघाली. आबांनी गपचूप वाट दिली.

काठाच्या पाण्यात मरळ क्षणभर तशीच थांबली. मग वर येऊन तिनं हवेचा एक घोट घेतला आणि ती गेली. मागून पावलं वाजली. अविराज येऊन शेजारी उभा राहिला. राग त्याच्या चेहऱ्यावर अजून होता, पण शेवटी त्याला राहवलं नाही.

"आये, काय हुतं गं तिच्या पोटात?"

"आता मला काय ठाव!" सिंधुबाई म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. फळीवर आलेला मासा न बघता सोडायची तिची ही पहिलीच वेळ होती. अविराजनं तिच्या हातातली बादली घेतली, तरी ती पाण्याकडं बघत तिथंच उभी राहिली.