बैलाच्या श्रमाचा करांदा

करांद्याच्या बाटलीत बैल आहे. साबुदाण्याएवढा, पण शिंगांसकट. तळाची जेली तो सकाळपासून नांगरतो आहे.

ऋषिपंचमीला बायका बैलाच्या श्रमाचं खात नाहीत. मी तो नेम रोजचाच केला. कुंपणावरच्या वेलाला करांदे लटकायचे, नांगराचा संबंध नाही. उकडून खाल्ले की माझं भागायचं. यंदा वेल कुजला. तसला दुसरा गावात नव्हता, म्हणून संशोधन केंद्रातल्या डॉ. खानविलकरांनी त्याचा शेवटचा कोंब कापून नेला, औषधात धुतला आणि मातीऐवजी जेली घातलेल्या बाटलीत लावला. "काकू, हा आता अमर," म्हणाले. देवाच्या पुढ्यातसुद्धा मी हा शब्द जपून उच्चारते.

मी बाटली त्यांच्यासमोर धरली.

"आत बैल आहे."

"बुरशी असेल."

"बुरशी शेपटी हलवत नाही, डॉक्टर."

त्यांनी वाकून पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. न पटलेलं सगळं ते चष्म्यावरूनच पुसतात. रागावणं माझ्या नेमात बसत नाही. कीव बसते.

मग त्यांनी शेंडा छाटून नव्या बाटलीत लावला. तिथला बैल बोकडाएवढा निघाला आणि बाटली कपाटाएवढी. "मोठीच मागवली होती," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पुन्हा शेंडा छाटला. या खेपेला भिंती गोल झाल्या, दाराच्या जागी कापसाचा बोळा बसला आणि माझी पावलं घोट्यापर्यंत जेलीत रुतली. मधोमध वेल होता, हिरवागार. माझ्या तोंडासमोर एकच करांदा लटकत होता. वेलापाशी बैल उभा होता, पुरता वाढलेला. मानेवर जू, जुवाची दुसरी बाजू रिकामी.

"जेली घट्ट होतेय," डॉक्टर म्हणाले. "नांगरली नाही तर मुळं गुदमरतील. एकट्याला ओढवत नाही त्याला."

"मग?"

"करांदा तुमचा आहे, काकू."

"माझा उपास आहे."

त्यांनी उसासा टाकला. पांढरा कोट काढून नीट घडी घातली, माझ्याकडे दिली आणि जुवाखाली मान घातली. जू त्यांना इतकं बेतशीर बसलं की मला नवल वाटलं नाही.

"आता खाता येईल ना?" त्यांनी खालूनच विचारलं. "बैल अर्धाच लागला."

पोथीत बैल आहे. डॉक्टरांबद्दल काही नाही. मी मनात सगळे अध्याय चाळले.

वेलाचं टोकाचं पान पिवळं पडलं. मग त्याच्या खालचं.

मी जपमाळ ओढायला घेतली. मणी घसरून एका टोकाला गोळा झाले आणि दोरा लांबत लांबत जेलीवर टेकला. मुठीत आसूड होता. बैल आणि डॉक्टर, दोघंही मान वळवून माझ्याकडे बघत होते.